हैतीच्या नदीत कॉलरा आला कुठून?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आज हेडफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या भागाचा लेखी अवतार. बोलताना माझ्या तोंडी येणारे "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" कापलेत. बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

सुरुवात माझ्या धंद्यापासून करतो. आम्हा प्रोग्रामर लोकांकडे एक कमांड असते, "गिट ब्लेम". कोडमधली कुठलीही ओळ घ्या, ती कुणी लिहिली आणि कोणत्या दिवशी लिहिली, हे ती कमांड सांगते. रात्री दोन वाजता सर्व्हर पडतो तेव्हा आधी तो उभा करायचा असतो. पण दुसऱ्या दिवशी चहा घेऊन सगळे बसतात आणि प्रश्न येतो, की हे झालं का? चांगल्या टीममध्ये यासाठी एक नियम असतो: कारण पूर्ण शोधायचं, पण माणसाला फासावर लटकवायचं नाही. ज्याने ती ओळ लिहिली त्याला ती टेस्टिंगशिवाय पुढे ढकलता आली कशी, हा खरा प्रश्न.

या नियमाचे दोन भाग आहेत, आणि लोक त्यातला एकच लक्षात ठेवतात. काही जण फक्त "ब्लेम" करतात. काही जण म्हणतात, जाऊ दे ना, कशाला खोलात शिरायचं, उगाच कुणाचं तरी नाव निघेल. दोन्हीकडे बग पुढच्या महिन्यात परत येतो.

२०१० मध्ये हैती नावाच्या देशात नेमका हाच वाद झाला. तिथे मात्र सर्व्हर पडत नव्हते, माणसं मरत होती. आणि तिथली "गिट ब्लेम" कमांड होती जीवाणूचा जिनोम.

आधी साथ

हैती हा कॅरिबियन समुद्रातला छोटा, गरीब देश. १२ जानेवारी २०१० रोजी तिथे मोठा भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स जवळपास कोसळली. सरकारी आकडा दोन लाखांहून अधिक मृत्यूंचा आहे. लाखो लोक तंबूंत राहायला लागले. जगभरातून मदत आली, आणि सगळ्यांना भीती एकच होती, की आता रोगराई पसरणार.

ऑक्टोबरमध्ये साथ आली. कॉलरा. आपल्या आजी-आजोबांच्या भाषेत पटकी. या रोगात जीवाणू आतड्यात शिरून एक विष सोडतो आणि शरीरातलं पाणी धो धो बाहेर जातं. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत जाऊ शकतो. उपचार तसा सोपा आहे, मीठ-साखरेचं पाणी आणि गरज पडली तर सलाईन. पण ते वेळेत मिळायला हवं.

आता यात दोन गोष्टी विचित्र होत्या. पहिली, हैतीमध्ये किमान शंभर वर्षं कॉलऱ्याची साथ आल्याची नोंद नव्हती. डॉक्टरांनी हा रोग पुस्तकातच पाहिलेला, आणि लोकांच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती शून्य. दुसरी, साथ भूकंपग्रस्तांच्या तंबूंत सुरू झालीच नाही. पहिले रुग्ण निघाले देशाच्या मधल्या भागात, मिरबाले नावाच्या गावाच्या आसपास. तिथून एक ओढा आर्तिबोनित या हैतीतल्या सर्वांत मोठ्या नदीला जाऊन मिळतो. थोड्याच दिवसांत त्या नदीच्या खालच्या अंगाला, भातशेतीच्या पट्ट्यात, एकाच वेळी शेकडो लोक आजारी पडले. पिण्याचं पाणी नदीचं, अंघोळ नदीत, कपडे नदीत. आणि साथ नदीबरोबर खाली गेली.

त्या ओढ्याच्या काठावर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची एक छावणी होती. तिथे नेपाळी सैनिकांची तुकडी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून टप्प्याटप्प्याने दाखल झाली होती. सप्टेंबरमध्ये नेपाळमध्ये कॉलऱ्याची साथ होती.

मिरबालेच्या लोकांना जिनोम वगैरे काही माहीत नव्हतं. पण छावणीतून घाण वास येतो आणि पाणी ओढ्यात झिरपतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ते पहिल्या आठवड्यापासून तेच सांगत होते. ऑक्टोबरच्या शेवटी एक अमेरिकन पत्रकार तिथे पोचला, तेव्हा त्यालाही गळके पाइप आणि घाणीचे उघडे खड्डे दिसले. शांतिसेनेचं म्हणणं होतं, की आमची व्यवस्था नियमाप्रमाणे आहे.

"आता ते महत्त्वाचं नाही"

यानंतर आंतरराष्ट्रीय संस्थांकडून एक वाक्य वेगवेगळ्या शब्दांत येत राहिलं: साथ कुठून आली हे शोधणं आत्ता महत्त्वाचं नाही, आत्ता माणसं वाचवू या.

ऐकायला शहाणपणाचं वाटतं, नाही का? आग लागली की आधी विझवा, काडी कुणी ओढली ते नंतर बघू. त्यात एक खरी भीतीही होती. नेपाळी सैनिकांचं नाव निघालं तर त्यांच्यावर हल्ले होतील. नोव्हेंबरमध्ये काप-आयसिएं या शहरात शांतिसेनेविरुद्ध दंगली झाल्याच.

पण उत्तर दिलं नाही म्हणून प्रश्न मरत नाही. लोक स्वतःच उत्तर शोधतात. डिसेंबर २०१० मध्ये हैतीच्या काही भागांत अफवा पसरली, की वूडू धर्माचे पुजारी करणी करून कॉलरा पसरवताहेत. जमावांनी ४० हून अधिक माणसांना ठार मारलं. यांतल्या एकाचाही त्या ओढ्याशी काही संबंध नव्हता.

आपल्याला हे अगदी परकं वाटायला नको. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत वेशीबाहेर नेऊन सोडायची पद्धत होती. म्हणजे रोग गेला पुढच्या गावाच्या हद्दीत. तिथले लोक तो आणखी पुढे ढकलायचे. कारण कळत नसलं की माणूस रोगाला कुणाच्या तरी दारात नेऊन ठेवतो. हैतीतल्या जमावांनी तो पुजाऱ्यांच्या दारात ठेवला, आणि तिथे माणसंच मारली गेली.

आडनावावरून घरापर्यंत

आता आपण जीवाणूकडे वळू.

कॉलऱ्याच्या जीवाणूचा जिनोम म्हणजे सुमारे ४० लाख अक्षरांचा मजकूर. अक्षरं चारच, ए, टी, जी आणि सी. जीवाणू दुभंगतो तेव्हा हा सगळा मजकूर कॉपी होतो, आणि क्वचित एखादं अक्षर चुकतं. ती चूक पुढच्या सगळ्या पिढ्यांत तशीच उतरत जाते. परीक्षेत दोघांच्या पेपरात तीच चुकीची स्पेलिंग सापडली की मास्तर काय ओळखतात? बस, तेच तत्त्व. ज्या दोन जीवाणूंमध्ये सारख्या चुका, त्यांचा पूर्वज एक. जितक्या वेगळ्या चुका कमी, तितकी ताटातूट अलीकडची.

आणि या चुकांना एक वेगही आहे. २०११ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात जगभरातले, काही दशकांत गोळा केलेले कॉलऱ्याचे १५० हून अधिक नमुने तपासले होते. त्यातून दिसलं, की सध्याच्या जागतिक साथीतल्या जीवाणूत वर्षाला साधारण तीन अक्षरं बदलतात. ४० लाखांत फक्त तीन! म्हणजे दोन नमुन्यांत एक-दोन अक्षरांचाच फरक असेल, तर ते काही महिन्यांपूर्वीपर्यंत एकाच घरात नांदत होते असं समजायला हरकत नाही.

हैतीच्या बाबतीत हा शोध पायरीपायरीने पुढे सरकला. नोव्हेंबर २०१० च्या सुरुवातीला अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने जुन्या पद्धतीची चाचणी केली. या पद्धतीत डीएनएचे तुकडे करून त्यांचा पट्ट्यापट्ट्यांचा ठसा बघतात. उत्तर आलं, की हा दक्षिण आशियातल्या जीवाणूंसारखा दिसतो. हे म्हणजे आडनावावरून जिल्हा ओळखण्यासारखं. अंदाज येतो, पण घर सापडत नाही.

डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या एका गटाने हैतीच्या जीवाणूचा अख्खा जिनोम वाचला. हैतीच्या शेजारी लॅटिन अमेरिका आहे आणि तिथे १९९१ मध्ये पेरूपासून सुरू झालेली कॉलऱ्याची प्रचंड साथ येऊन गेली होती. मग हा तिथला तर नाही? नाही. पेरूच्या जीवाणूशी नातं लांबचं निघालं, आणि बांगलादेशातल्या २००२ आणि २००८ च्या नमुन्यांशी अगदी जवळचं. म्हणजे हा पाहुणा समुद्राच्या पाण्यात आपोआप जागा झालेला नव्हता, किंवा शेजारून आलेला नव्हता. माणसाच्या पोटातून, विमानाने, अर्ध्या जगावरून आला होता. पण दक्षिण आशिया म्हणजे आपण सगळेच की! भारत, बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तान. घर अजून सापडलं नव्हतं.

इथे एक फ्रेंच डॉक्टर महत्त्वाचा ठरतो, रेनो पिआरू. हैती सरकारच्या विनंतीवरून तो नोव्हेंबरमध्ये तिथे गेला. त्याचं हत्यार साधं होतं: नकाशा, रुग्णांच्या तारखा, आणि गावोगावी फिरून विचारपूस. लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नोने कॉलऱ्याचा माग काढत एका सार्वजनिक पंपापर्यंत पोचण्यासाठी जे केलं, तेच. पिआरूच्या नकाशावर पहिले रुग्ण त्या छावणीखालच्या ओढ्याकाठचे होते.

आता एकीकडे नकाशा होता आणि दुसरीकडे अर्धवट जिनोम. मधली कडी कोणती? नेपाळचे नमुने. ते मिळाले, कारण नेपाळमधल्या शास्त्रज्ञांनी ते दिले. हे मला या गोष्टीतलं सर्वांत धाडसाचं पाऊल वाटतं. आपल्याच देशावर बोट येऊ शकतं हे दिसत असताना त्यांनी डेन्मार्क आणि अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर काम केलं. २०१० च्या साथीतले नेपाळचे २४ नमुने वाचले गेले आणि ऑगस्ट २०११ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. त्यांतले तीन नमुने हैतीच्या नमुन्यांशी जवळजवळ तंतोतंत जुळले. फरक होता एक किंवा दोन अक्षरांचा. चाळीस लाखांपैकी.

घर सापडलं होतं.

दोषी कोण?

इथे थांबून स्वतःला एक प्रश्न विचारा. यातला दोषी कोण? एखादा नेपाळी जवान?

कॉलऱ्याचा संसर्ग झालेल्या बहुतेकांना एक तर लक्षणंच दिसत नाहीत किंवा अगदी सौम्य दिसतात. तो जवान जो कुणी असेल, त्याला कदाचित आजही माहीत नसेल. तो नोकरी करायला परक्या देशात गेला, आणि शौचाला गेला. त्यापुढची प्रत्येक गोष्ट व्यवस्थेची होती. साथीच्या भागातून येणाऱ्यांची तपासणी नव्हती. आधी अँटिबायोटिकचा डोस नव्हता. छावणीच्या मैल्यावर प्रक्रिया नव्हती, तो उघड्या खड्ड्यात टाकला जात होता. आणि ओढ्याखालच्या गावांना शुद्ध पाणी नव्हतं. यांतली एखादी ओळ जरी बरोबर लिहिलेली असती, तरी हा बग प्रॉडक्शनला गेला नसता.

संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या चार तज्ज्ञांच्या समितीने मे २०११ मध्ये अहवाल दिला. समितीत एक भारतीयही होते, कोलकात्याच्या राष्ट्रीय कॉलरा संस्थेचे माजी संचालक जी. बालकृष नायर. अहवालातल्या शिफारशी या वर सांगितलेल्याच: सैनिकांची तपासणी करा किंवा त्यांना आधी औषध द्या, मैल्यावर छावणीतच प्रक्रिया करा. पण निष्कर्ष मात्र असा होता, की ही साथ अनेक परिस्थिती एकत्र आल्यामुळे झाली, कुणा एका गटाची किंवा व्यक्तीची ती चूक नाही. दोन वर्षांनी, नेपाळचे जिनोम समोर आल्यावर, त्याच चौघांनी स्वतः लिहिलं, की शांतिसेनेशी संबंधित माणसंच बहुधा या साथीचा स्रोत होती. पुरावा बदलला तसं मत बदललं, आणि ते छापून सांगितलं. हे फार कमी लोक करतात.

संस्थेला मात्र ते जमलं नाही. २०११ मध्ये सुमारे ५,००० पीडितांच्या वतीने भरपाईचा दावा दाखल झाला. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी कळवलं, की हा दावा स्वीकारण्याजोगाच नाही. मग लोक अमेरिकेच्या कोर्टात गेले. ऑगस्ट २०१६ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं, की संयुक्त राष्ट्रांना कायदेशीर संरक्षण आहे, त्यांच्यावर खटला चालू शकत नाही. शेवटी १ डिसेंबर २०१६ रोजी महासचिव बान की-मून यांनी हैतीच्या लोकांची माफी मागितली, सुरुवात त्यांच्याच क्रिओल भाषेतून. माफी होती पुरेसं काही केलं नाही याची. कॉलरा आम्ही आणला, असे शब्द त्यात नव्हते. ४० कोटी डॉलरच्या मदतीची योजना जाहीर झाली, पण त्यातला फारच थोडा पैसा प्रत्यक्ष जमा झाला.

तोवर ८ लाखांच्या आसपास लोक आजारी पडून गेले होते. एकूण मृत्यू दहा हजारांच्या जवळ गेले. साथ शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिक आणि क्यूबातही पोचली.

जिनोमने निकाल दिला होता एका वर्षात. माणसांना माफीपर्यंत पोचायला सहा वर्षं लागली.

खरं सांगणाऱ्याला काय मिळतं?

२०१५ मध्ये गिनी देशात इबोलाच्या साथीत शास्त्रज्ञ जिनोम वाचायची मशीन विमानाच्या सामानातून घेऊन गेले. हातात मावेल एवढी मशीन. नमुना मिळाल्यापासून २४ तासांच्या आत निकाल येऊ लागला. कोविडमध्ये तर जानेवारी २०२० मध्येच विषाणूचा जिनोम इंटरनेटवर होता.

आणि कोविडमध्ये ही गोष्ट आपल्या अंगणात आली. २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितलं, की डिसेंबरच्या तुलनेत महाराष्ट्रातल्या नमुन्यांमध्ये दोन विशिष्ट बदल एकत्र असलेले विषाणू वाढताहेत. टीव्हीने त्याला "डबल म्युटंट" म्हटलं. जगाने "इंडियन व्हेरियंट" म्हटलं. मे महिन्याच्या शेवटी जागतिक आरोग्य संघटनेने ग्रीक अक्षरांची नावं सुरू केली, आणि त्या घराण्यातला सर्वांत फोफावलेला विषाणू डेल्टा झाला. नाव बदलायचं कारण सरळ होतं: देशाचं नाव चिकटणार असेल, तर कोणता देश स्वतःहून सांगेल?

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिका आणि बोत्स्वानातल्या शास्त्रज्ञांनी ओमिक्रॉन ओळखला आणि लगेच जगाला कळवलं. बक्षीस काय मिळालं? अनेक देशांनी आफ्रिकेच्या दक्षिण भागातली विमानं बंद केली. जगाने मरीआईचा गाडा ज्याने बातमी दिली त्याच्याच दारात सोडला.

आता हे दोन प्रसंग शेजारी ठेवा. ज्यांनी काही दिवसांत खरं सांगितलं त्यांना शिक्षा झाली. ज्यांनी सहा वर्षं टाळलं त्यांना कायद्याचं कवच मिळालं. पुढच्या साथीत एखाद्या छोट्या लॅबमधल्या तंत्रज्ञाला स्क्रीनवर काहीतरी विचित्र दिसेल, तेव्हा त्याच्या साहेबाच्या मनात यांतलं कोणतं उदाहरण येईल? मशीन कितीही वेगवान होऊ द्या, "पाठव" हे बटण माणूसच दाबतो.

नदी तीच

फेब्रुवारी २०१९ नंतर हैतीमध्ये कॉलऱ्याचा एकही पक्का रुग्ण सापडला नाही. तीन वर्षं झाली, लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. ऑक्टोबर २०२२ मध्ये पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये पुन्हा रुग्ण निघाले. नवीन कुठून आला का? पुन्हा जिनोम वाचला. या वेळी उत्तर काही आठवड्यांत मिळालं: हा २०१० च्या जीवाणूचाच वंशज. म्हणजे लक्षणं न दिसणाऱ्या लोकांमध्ये किंवा तिथल्या पाण्यात तो कुठेतरी टिकून राहिला होता. दरम्यान टोळीयुद्धामुळे शहरात पाणी, इंधन आणि दवाखाने सगळंच बंद पडत होतं.

त्या बारा वर्षांत जिनोम वाचणं कितीतरी स्वस्त आणि सोपं झालं. हैतीतल्या कितीतरी घरांत शुद्ध पाण्याचा नळ मात्र आलाच नाही.

म्हणून सुरुवातीचा तो नियम पुन्हा एकदा सांगतो. कारण पूर्ण शोधायचं, माणसाला लटकवायचं नाही. आणि ऑफिसात त्याचा एक तिसरा भाग असतो, जो मीटिंग संपली की सगळे विसरतात: सापडलेलं कारण दुरुस्त करायचं. हैतीमध्ये पहिला भाग शास्त्रज्ञांनी केला, तोही आडवे येणारे असताना. तिसरा अजून उघड्या तिकिटासारखा पडून आहे, आणि ते तिकीट कुणाच्या नावावर आहे हे आता सगळ्यांना माहीत आहे.

आजच्या भागात एवढंच. तुमच्या घरात आजी-आजोबांनी सांगितलेली पटकीची किंवा मरीआईच्या गाड्याची आठवण असेल, तर आवाज रेकॉर्ड करून नक्की पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोवर, पाणी उकळून प्या. भेटू पुढच्या आठवड्यात!